मासे गेले कुठे? योहान योर्ट यांनी बदललेला प्रश्न

१९०३ च्या जूनच्या सुरुवातीला नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कमधल्या मेहामन गावात हजाराहून अधिक मच्छीमार जमले आणि त्यांनी तिथला देवमाशांचं तेल काढण्याचा कारखाना मोडून टाकला. राग पोटातून आलेला होता. त्या हंगामात कॉड मासा किनाऱ्याला लागलाच नव्हता. जो थोडा मिळाला तो हडकुळा, यकृतात तेल नसलेला. त्यात उत्तरेकडून सीलचे कळप उतरले होते. तिथल्या मच्छीमारांची जुनी, पक्की समजूत अशी होती की देवमासे लहान माशांचे थवे किनाऱ्याकडे हाकतात आणि त्या थव्यांमागून कॉड येतो. कंपन्यांनी देवमासेच मारून टाकले, तर कॉडला किनाऱ्यावर आणणार कोण?

दंगल शमवायला सरकारला सैनिक पाठवावे लागले. पण मच्छीमारांची मागणी मान्य झाली. १९०४ पासून उत्तरेकडच्या जिल्ह्यांत देवमाशांच्या शिकारीवर दहा वर्षांची बंदी आली.

देशाच्या मत्स्यसंशोधनाचे प्रमुख तेव्हा योहान योर्ट होते, वय ३४. दंगलीच्या आदल्याच वर्षी, १९०२ मध्ये, त्यांनी उत्तर नॉर्वेतली मासेमारी आणि देवमाशांची शिकार या विषयावर सविस्तर लिहिलं होतं. देवमासे कॉडला किनाऱ्याकडे हाकतात याला पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. उपाशी माणसाला हे ऐकवणं सोपं नसतं, आणि ऐकणाऱ्याला सांगणारा कंपन्यांच्या बाजूचा वाटला तर त्यात नवल नाही. पण खरी अडचण पुढची होती. देवमाशांमुळे नाही, तर मग कशामुळे? एका साली जाळी फाटेपर्यंत मासळी आणि चार वर्षांनी रिकाम्या होड्या, हे का होतं? याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं, योर्ट यांच्याकडेही नाही. पुढच्या अकरा वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. आज जगात कुठेही माशांच्या साठ्याचा हिशेब मांडला जातो, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

आधी नॉर्वेत मासळीचं काय स्थान होतं ते पाहू. शेतीची जमीन थोडी, किनारा मात्र अफाट लांब. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातला मोठा कॉड अंडी घालायला लोफोटेन बेटांजवळ येतो. हजारो माणसं आपली गावं सोडून तिथे मुक्काम ठोकायची. तोच कॉड लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात सुकवून युरोपभर विकला जायचा. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा सरता सरता हेरिंगचे थवे यायचे. हेरिंग हा आपल्या तारलीच्याच जवळच्या नात्यातला मासा, थंड पाण्यातला. पण हेरिंग लहरी होता. कधी अनेक दशकं भरभरून यायचा, मग वर्षानुवर्षं गायब. एकोणिसाव्या शतकात तो १८७० च्या दशकात असाच नाहीसा झाला आणि किनाऱ्यावरची गावं बसली.

सरकारनं म्हणूनच या कामाला शास्त्रज्ञ लावले. १८६४ मध्ये गेऑर्ग ओसियान सार्स या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला लोफोटेनला पाठवलं. कॉडची अंडी तळाशी पडून राहत नाहीत, पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, हे त्यांनी दाखवून दिलं. तोवर माशाची अंडी म्हणजे तळाला चिकटलेली गाभोळी असाच समज होता. हा शोध नंतर फार महत्त्वाचा ठरला. कारण तरंगणारं अंडं आणि त्यातून निघालेलं पिल्लू प्रवाहाच्या आणि हवामानाच्या हवाली असतं.

योर्ट यांचा जन्म १८६९ चा, ख्रिस्तियानियातला, म्हणजे आजच्या ऑस्लोतला. वडील नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक. योर्ट यांनी म्युनिकला प्राणिशास्त्राची डॉक्टरेट घेतली, नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत काम केलं आणि मायदेशी परतून मत्स्यसंशोधनात शिरले. पहिलं नाव झालं ते कोळंबीमुळे. नॉर्वेच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेल्या खोल खाड्यांत, तळाशी कोळंबी मुबलक आहे आणि ती ट्रॉल जाळ्यानं, म्हणजे तळावरून ओढत नेण्याच्या जाळ्यानं, काढता येते, हे त्यांनी दाखवलं. त्यातून नवा धंदा उभा राहिला. संशोधनाचा पैसा गावात कसा पोचतो याचा हा उघड दाखला होता, आणि पुढे संसदेकडून निधी मागताना अशा दाखल्यांचं मोल मोठं असतं.

१९०० मध्ये मत्स्यसंशोधनाचा कारभार पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गेन शहरात हलला. त्याच वर्षी ‘मिखाएल सार्स’ हे वाफेवर चालणारं संशोधन जहाज पाण्यात उतरलं. ते इंग्लिश ट्रॉलरच्या धर्तीवर बांधलं होतं, कारण नुसत्या बाटल्यांत पाण्याचे नमुने गोळा करून भागणार नव्हतं, खरी मासेमारी करता यायला हवी होती. पहिल्या सफरीवर ध्रुवप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन आणि तरुण समुद्रशास्त्रज्ञ ब्यॉर्न हेलान-हान्सेन सोबत होते. पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारे, सूक्ष्म वनस्पती ओळखणारे हाकेन ग्रान, माशांची पिल्लं शोधणारे, खवले पाहणारे, असे सगळे योर्ट यांनी एका छपराखाली आणले. १९०२ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद कोपनहेगनला स्थापन केली, तिथेही योर्ट सुरुवातीपासून होते. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी मत्स्यव्यवसायाचं मंडळ जाऊन एक संचालक नेमला गेला. या पदावरचे पहिले योर्टच.

आता मुख्य विषय. मासे कमी का येतात याचं तेव्हाचं रूढ उत्तर होतं, स्थलांतर. समुद्रात मासे आहेतच, फक्त या वर्षी वाट बदलून दुसरीकडे गेले. हेरिंग सगळा ध्रुवाकडच्या बर्फाखालून येतो, अशीही एक कल्पना दीर्घकाळ मानली गेली. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश हाइन्के यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेरिंगच्या हजारो नगांची मोजमापं घेऊन दाखवलं की वेगवेगळ्या भागांत त्याचे वेगवेगळे वंश आहेत, आपापल्या टापूत वाढणारे. ध्रुवाकडच्या एकाच अफाट थव्याची गोष्ट तिथे कोलमडली. तरीही एका टापूतला मासा वर-खाली का होतो, हे उरलंच.

दुसरं एक उत्तर लोकांना फार आवडायचं: मासे कमी झाले ना, मग आपण पिल्लं सोडू. आरेन्डालजवळ फ्लोडेविगेनला कॅप्टन डानेविग यांचं केंद्र १८८० च्या दशकापासून कॉडची पिल्लं उबवून लाखोंनी फ्योर्डांत सोडत होतं. योर्ट आणि त्यांचे सहकारी क्नुट डाल यांना प्रश्न पडला की या पिल्लांचं पुढे होतं काय? एकेका कॉड मादीच्या पोटात लक्षावधी अंडी असतात. निसर्ग जिथे अब्जावधी पिल्लं ओततो आणि त्यातली जवळजवळ सगळी मरतात, तिथे माणसानं सोडलेल्या पिल्लांनी किती फरक पडणार? दोन्ही बाजूंनी जाळी टाकून मोजणी झाली, वाद पेटला आणि मिटला नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना पिल्लं सोडणं म्हणजे काहीतरी केल्याचं समाधान होतं. पिल्लं सोडण्याचं ते काम १९७१ पर्यंत चाललं. या वादात मला योर्ट यांचा आकड्यांचा आग्रह पटतो, पण डानेविग यांच्या बाजूच्या लोकांची तळमळही खरी होती.

योर्ट यांनी प्रश्नच बदलला. मासे कुठे गेले हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, आज जाळ्यात आलेला मासा कोणत्या साली जन्मला? माणसांच्या लोकसंख्येत आपण हेच करतो. जनगणनेत एकूण माणसं मोजून थांबत नाही, कोणत्या वयाचे किती, दर वर्षी जन्म किती, मृत्यू किती, तेही पाहतो. माशांची अशी जनगणना का करू नये? अडचण एकच, माशाचं वय कळणार कसं?

ते खवल्यावर लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात खाणं भरपूर, मासा भराभर वाढतो आणि खवलाही. हिवाळ्यात वाढ थांबल्यासारखी होते आणि खवल्यावर तिची एक रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या, जितके हिवाळे तितकं वय. हेरिंगच्या खवल्यांवर डाल यांनी सुरुवात केली आणि आयनार लेआ या सहकाऱ्यानं ते काम फार बारकाईनं पुढे नेलं. रेघांमधलं अंतर मोजून कोणत्या वर्षी मासा किती वाढला हेही लेआ सांगायचे. स्कॉटलंडच्या मत्स्यमंडळातले डार्सी थॉम्प्सन यांना हे पटत नव्हतं. रेघ म्हणजे वर्षच कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता, आणि गणितात मुरलेल्या माणसाचा प्रश्न म्हणून तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. त्याला उत्तर मिळालं ते वादातून नाही, एका विलक्षण पिढीतून.

ती १९०४ सालची पिढी. हेरिंग साधारण चार वर्षांचा झाला की अंडी घालायला किनाऱ्याकडे येऊ लागतो. १९०८ च्या नमुन्यांत चार वर्षांचे मासे अचानक मोठ्या संख्येनं दिसले. १९०९ मध्ये पाच वर्षांचे सर्वांत जास्त. १९१० मध्ये सहा वर्षांचे, आणि त्यांचं प्रमाण तर चारांत तीनहून अधिक. १९१४ मध्येही, म्हणजे दहाव्या वर्षी, पकडलेल्या हेरिंगमधला निम्म्याहून अधिक मासा याच एका साली जन्मलेला. रेघा जर वर्षांच्या नसत्या, तर हा फुगवटा दर वर्षी बरोबर एकेका रेघेनं पुढे सरकला नसता. मला हा पुरावा फार सुंदर वाटतो. त्यात पद्धत आणि निष्कर्ष एकमेकांना आधार देतात.

याचा अर्थ काय? अनेक वर्षांची चांगली मासेमारी एका नशीबवान वर्षाच्या जोरावर चालू शकते. मधल्या सालांत जन्मलेले मासे त्यामानानं नगण्य. ती पिढी म्हातारी होऊन संपली आणि मागून दुसरी मोठी पिढी आली नाही, की जाळी रिकामी. मासे रुसून दुसरीकडे गेलेले नसतात. ते कित्येक वर्षांपूर्वी जगलेच नव्हते.

कॉडमध्येही १९०४ ची पिढी मोठी निघाली. मेहामनच्या दंगलीनंतर देवमाशांची शिकार थांबली ती याच साली, हे लक्षात घ्या. नुसत्या तारखा पाहून कोणी म्हणाला असता की बघा, बंदी आली आणि मासळी वाढली. पण हेरिंग जन्मला तो दक्षिणेकडे, पश्चिम किनाऱ्यावर, बंदीच्या पट्ट्याबाहेर. खवल्यांशिवाय हा घोळ कधीच सुटला नसता.

मग १९०४ लाच असं काय झालं? योर्ट यांनी १९१४ मध्ये उत्तर युरोपातल्या मोठ्या मासेमारीच्या चढउतारांवर जो प्रबंध लिहिला, त्यात दोन शक्यता मांडल्या. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाकडे काही दिवसांपुरता बलक असतो. तो संपला की लगेच त्याला योग्य आकाराचं खाणं मिळालं पाहिजे, म्हणजे प्लँक्टनमधले अगदी सूक्ष्म जीव. वसंतात ऊन वाढलं की समुद्रात हे जीव फोफावतात, पण दर वर्षी त्याच तारखेला नाही. पिल्लं आधी आली आणि खाणं उशिरा, की सगळी पिढी मेली. दुसरी शक्यता, प्रवाह पिल्लांना किनाऱ्यापासून दूर वाहून नेतात, जिथे त्यांना जगता येत नाही. दोन्हींचा मथितार्थ असा की किती अंडी घातली यावरून पिढीचा आकार ठरत नाही, पहिले काही आठवडे किती पिल्लं तगली यावरून ठरतो. पुढच्या शंभर वर्षांत या कल्पनेची तपासणी कॉड, सार्डिन, अँकोव्ही अशा कितीतरी माशांवर झाली. खाण्याची आणि जन्माची वेळ जुळणं महत्त्वाचं, हे बऱ्याच ठिकाणी दिसलं. तो एकच धोक्याचा काळ आहे, हे मात्र टिकलं नाही. पिल्लं मोठी होताना खाणारे शत्रू, थंडी, नंतरची उपासमार, सगळंच मोजावं लागतं.

या मधल्या काळातली १९१० ची सफर थोडक्यात सांगतो. स्कॉटिश समुद्रशास्त्रज्ञ सर जॉन मरे यांनी खर्च उचलला आणि नॉर्वे सरकारनं ‘मिखाएल सार्स’ दिलं. जहाज उत्तर अटलांटिकभर फिरलं, खोल पाण्यातले असंख्य जीव वर आले आणि त्यावर दोघांनी १९१२ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. १९१४-१५ मध्ये कॅनडाच्या बोलावण्यावरून योर्ट तिथला हेरिंग तपासायला गेले आणि खवल्यांची पद्धत अटलांटिकच्या पलीकडे पोचली.

पहिलं महायुद्ध आलं आणि मासळी हा युद्धाचा माल झाला. नॉर्वे तटस्थ, पण मासे ब्रिटनला हवे होते आणि जर्मनीलाही. जर्मन व्यापारी चढ्या भावानं खरेदी करत होते. १९१६ मध्ये ब्रिटनशी एक गुप्त करार झाला. त्यानुसार नॉर्वेची बहुतांश मासळी ब्रिटन विकत घेणार होता. ही बोलणी करण्यात योर्ट पुढे होते. नंतर सरकारशी त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि त्यांनी पद सोडलं. काही काळ ते केंब्रिजला राहिले. १९२० मध्ये रॉयल सोसायटीनं त्यांना परदेशी सभासद केलं आणि १९२१ पासून ते राजधानीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते.

इथून त्यांच्या आयुष्याचा जो भाग सुरू होतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुन्हा देवमासे. १९०२ मध्ये ज्यांनी देवमाशांच्या शिकारीचा कॉडशी संबंध नाही असं सांगितलं, तेच योर्ट १९२० च्या दशकात नॉर्वेच्या देवमासे परिषदेचे प्रमुख झाले आणि शिकारीला लगाम घालायला झटू लागले. यात विसंगती नाही. शिकार आता अंटार्क्टिकाला गेली होती. १९२५ पासून कारखाना-जहाजं आख्खा देवमासा मागच्या उतारावरून डेकवर ओढून घेऊ लागली, किनाऱ्यावर केंद्राची गरजच उरली नाही. १९३०-३१ च्या एकाच हंगामात तिथे सुमारे २९,००० निळे देवमासे मारले गेले.

आणि निळा देवमासा म्हणजे हेरिंग नव्हे. मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. इथे नशीबवान वर्ष नाही, लाखो अंड्यांतून अचानक उसळणारी पिढी नाही. इथे माणसाच्या हातून किती मरतात यावरच सगळं ठरतं. नॉर्वेनं १९२९ मध्ये कायदा केला. पिल्लं आणि पिल्लांसोबतच्या माद्या मारायच्या नाहीत, जहाजावर निरीक्षक हवा, प्रत्येक शिकारीची नोंद हवी. त्या नोंदींतून जगभरची देवमाशांची आकडेवारी उभी राहिली.

१९३३ मध्ये योर्ट, गुन्नार यान आणि पेर ओटेस्टाड यांनी सर्वांत योग्य शिकार किती, यावर गणित मांडलं. ते असं समजून घेता येईल. समजा एखाद्या समुद्रात जास्तीत जास्त १,००,००० देवमासे राहू शकतात. तितके असताना खाणं आणि जागा अपुरी, म्हणून जन्म आणि मृत्यू सारखेच, वाढ शून्य. फक्त १,००० उरले तर प्रत्येक मादीला पोटभर मिळतं, पण माद्याच इतक्या थोड्या की एकूण भर नगण्य. मध्ये कुठेतरी, साधारण अर्ध्यावर, दर वर्षीची भर सर्वाधिक असते. तेवढीच भर काढून घ्या, मूळ संख्या तशीच राहील. त्याहून जास्त काढलं की मुद्दलाला हात लागला. पुढे जगभरच्या मासेमारी नियमांत शिरलेल्या कायमस्वरूपी कमाल उत्पन्नाच्या कल्पनेचं हे सुरुवातीचं रूप होतं. त्या कल्पनेवर नंतर खूप टीका झाली आणि ती रास्त आहे. अर्ध्यावरचा नेमका बिंदू समुद्रात कोणाला दिसत नाही, आणि धंद्याची ओढ नेहमी त्याच्या पलीकडे जाण्याची असते. निळ्या देवमाशांच्या बाबतीत तर कागदावरचं गणित कत्तलीला गाठूच शकलं नाही.

१९३८ ते १९४८ योर्ट आंतरराष्ट्रीय समुद्रसंशोधन परिषदेचे अध्यक्ष होते. ७ ऑक्टोबर १९४८ ला ऑस्लोत त्यांचं निधन झालं. त्यानंतर चारच वर्षांनी नॉर्वेची मत्स्यव्यवसायातली जाणकारी भारतातही आली. १९५२ च्या करारानुसार केरळात नीण्डकराला भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक होड्या आल्या आणि पुढे कोळंबीची निर्यात आणि ट्रॉलिंग वाढलं. तो इतिहास गुंतागुंतीचा आहे, त्याला स्वतंत्र लेख हवा. पण आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधव लहान पापलेट मोठ्या प्रमाणावर मारले जातात म्हणून अस्वस्थ होतात, तेव्हा ते एका सालच्या पिढीबद्दलच बोलत असतात. ती वाढण्याआधी संपली, तर पुढची काही वर्षं जाळ्यात काय येणार?

नॉर्वेच्या हेरिंगच्या बाबतीत याचं उत्तर योर्ट यांच्यामागे वीस वर्षांत मिळालं. ध्वनिलहरींनी पाण्यातले थवे शोधणारी सोनार यंत्रं आणि जाळं यंत्रानं ओढणारी चाकं आली, आणि ज्या साठ्याला माणूस काही करू शकत नाही असं वाटत होतं तो १९६० च्या दशकाच्या शेवटी जवळजवळ नाहीसा झाला. १९०४ सारखी दणकट पिढी आधी येत होती, पण आता मोठा मासाही उपसला जात होता आणि प्रौढ होण्याआधीचा लहानही. अंडी घालायलाच मासे उरले नव्हते. पिढीचा आकार निसर्ग ठरवतो हे खरं, पण ती पिढी अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोचू द्यायची की नाही, हे माणूस ठरवू शकत होता. १९७० च्या दशकात मासेमारी जवळपास बंद केली गेली. वर्षांमागून वर्षं खवले तपासले गेले, पिढ्या किरकोळच निघत होत्या. मग १९८३ ची पिढी मोठी आली. त्या पिढीला मोठं होईपर्यंत हात लावायचा नाही, असं धोरण कसोशीनं पाळलं गेलं. ती १९८० च्या दशकाच्या शेवटी पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला आली, आणि १९९० च्या दशकात हेरिंगची मोठी मासेमारी पुन्हा सुरू झाली.